पार्श्वभूमी : तीनशे रुपयांची विंडोज की येते कुठून?

विंडोज ११ प्रो किंवा ऑफिस २०२१ प्रो प्लसची ‘लाइफटाइम की’, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करायचा पंचवीस अक्षरी संकेत, तीनशे-चारशे रुपयांत देणाऱ्या जाहिराती ऑनलाइन बाजारात ढिगाने सापडतात. यातल्या बऱ्याच की खरोखर चालतात आणि फसगत तिथेच होते, कारण की चालली म्हणजे परवाना मिळाला असं नाही. त्या पंचवीस अक्षरांमागे एखाद्या कंपनीचा, शाळेचा किंवा भंगारात गेलेल्या संगणकाचा परवाना असतो. तो कोणत्या वाटेने बाहेर पडला, यावर ती की किती दिवस तग धरेल हे ठरतं. या वाटा गेल्या तीस वर्षांत एकेक करून पडत गेल्या.

विंडोज ९५ च्या काळात की म्हणजे निव्वळ आकडेमोड होती. दुकानात मिळणाऱ्या सीडीसाठी आधी तीन आणि मग सात आकडे भरावे लागत. शेवटच्या सात आकड्यांच्या बेरजेला सातने भाग जातो का, एवढंच मुख्यतः तपासलं जाई. त्यामुळे १११-१११११११ टाकलं तरी काम भागायचं. घरोघरी इंटरनेट नव्हतं, त्यामुळे पडताळणी करणार तरी कुठे? मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीत नेहरू प्लेसला कॉपी केलेल्या सीडी उघडपणे विकल्या जात. कायदा मात्र आला होता. कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३ब १० मे १९९५ पासून लागू झालं. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकतं. स्वस्त की घेताना हा फरक छोट्या दुकानदारांनी आणि कर सल्लागारांनी जरूर लक्षात घ्यावा. त्यांचा वापर धंद्यातच मोडतो.

२५ ऑक्टोबर २००१ ला बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीने ॲक्टिव्हेशन आणलं. की आता संगणकाच्या हार्डवेअरशी बांधली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तपासली जाऊ लागली. पण हजारो संगणक असलेल्या कंपन्यांना प्रत्येक यंत्र असं ॲक्टिव्हेट करायला लावणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी ॲक्टिव्हेशनशिवाय चालणारी व्हॉल्यूम, म्हणजे घाऊक, की ठेवली गेली. अशीच एक की विक्री सुरू होण्याआधीच फुटली आणि जगभर पसरली. २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने, म्हणजे सुधारणांच्या संचाने, ती बाद केली. आजच्या स्वस्त बाजाराचं मूळ याच व्हॉल्यूम परवान्यात आहे.

ही गळती थांबवायला एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून दोन पद्धती आल्या. पहिली एमएके, म्हणजे मल्टिपल ॲक्टिव्हेशन की. ही एकच की ठरावीक संख्येइतक्या संगणकांवर चालते. कंपनीने हजाराची मर्यादा घेतली आणि सहाशेच वापरली, तर उरलेली चारशे आतला माणूस बाहेर विकू शकतो. मग तीच की चारशे अनोळखी ग्राहकांना ‘लाइफटाइम’ म्हणून जाते. मर्यादा संपली की पुढच्या ग्राहकाला ऑनलाइन ॲक्टिव्हेशन नाकारलं जातं. तेव्हा विक्रेता फोनवरून ॲक्टिव्हेट करायच्या वाटेने जातो: स्क्रीनवरचा ६३ आकडी इन्स्टॉलेशन आयडी मागतो आणि बदल्यात ४८ आकडी कन्फर्मेशन आयडी पाठवतो. नव्या कोऱ्या कीसाठी असा खटाटोप सुरू झाला, की ती शेकडो जणांना विकली गेलेली आहे असंच धरून चालावं. मूळ कंपनीच्या ध्यानात आलं किंवा मायक्रोसॉफ्टने की अडवली, तर सगळ्यांची एकदमच जाते.

दुसरी पद्धत केएमएस, म्हणजे की मॅनेजमेंट सर्व्हिस. यात कंपनी स्वतःचा सर्व्हर चालवते, त्याच्याकडे किमान २५ संगणकांची नोंद लागते, आणि प्रत्येक संगणकाला १८० दिवसांचीच मुदत मिळते. संगणक दर सात दिवसांनी सर्व्हरकडे जाऊन ती वाढवून घेतो. स्वस्त विक्रेते काय करतात, तर की ऐवजी एक छोटी फाइल पाठवतात. ती फाइल तुमच्या विंडोजला त्यांच्या किंवा कुणा तिसऱ्याच्याच सर्व्हरकडे वळवते. तो सर्व्हर बंद पडला की सहा महिन्यांच्या आत ॲक्टिव्हेशन जातं. खरा धोका याहून मोठा आहे. अशी फाइल चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं, की केएमएसपिको या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरसोबत क्रिप्टबॉट येत होता. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेटची माहिती चोरणं हे त्याचं काम.

तिसरी वाट युरोपातली. ६ जुलै २००० ला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ओईएम प्रत, म्हणजे संगणक बनवणाऱ्या कंपनीने संगणकासोबत दिलेली प्रत, सुटी विकायला मोकळीक दिली. ३ जुलै २०१२ ला युरोपीय न्यायालयाने यूज्डसॉफ्ट (वापरलेले परवाने विकणारी कंपनी) विरुद्ध ओरॅकल या खटल्यात कायमचा परवाना पुढे विकता येतो असं ठरवलं. पण मूळ मालकाने आपली प्रत बाद करायची आणि घाऊक परवान्याचे तुकडे पाडायचे नाहीत, या अटींवर. ‘युरोपच्या कोर्टाने कायदेशीर ठरवलेली की’ असं इथल्या जाहिरातीत दिसलं तर दोन गोष्टी पाहाव्यात. हा निकाल भारतात लागू नाही, आणि विकणारा नेमके तुकडेच पाडून विकतो आहे. पुढे नोव्हेंबर २०१५ च्या अपडेटपासून विंडोज १० जुन्या ७ आणि ८ च्या की थेट स्वीकारू लागलं, तेव्हा भंगारातल्या संगणकांवरच्या, की छापलेल्या स्टिकरनाही भाव आला. ही सोय मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

चोरीच्या क्रेडिट कार्डांची वाट गेमच्या बाजारातून उघडी पडली. चोरीच्या कार्डावर की विकत घ्यायची, बाजारात पटकन खपवायची. कार्डाचा मालक तक्रार करतो, बँक पैसे परत खेचते आणि कंपनी ती की रद्द करते. फॅक्टोरिओ या गेमच्या निर्मात्यांनी तक्रार केल्यावर जी२ए या बाजारपेठेने २०२० मध्ये १९८ की बेकायदा असल्याचं मान्य करून ३९,६०० डॉलर भरले.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे की न देता तयार युजरनेम-पासवर्ड देणं. ‘ऑफिस ३६५, पाच टीबी स्टोरेज, आयुष्यभर’ असं म्हणून मिळणारं खातं बहुधा परदेशातल्या एखाद्या शाळेच्या नावावर उघडलेलं असतं. त्याचा ॲडमिन तुमच्या फाइल पाहू शकतो, आणि खातं बंद झालं की फाइलही जातात. त्यात आधार किंवा पॅनची प्रत कधीच ठेवू नये.

घेतलेली की कुठली, हे पाहणं सोपं आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘एसएलएमजीआर’ टाइप करा, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच ‘डीएलव्ही’. उघडणाऱ्या चौकटीत डिस्क्रिप्शनच्या ओळीत रिटेल (सुटी विकलेली), ओईएम किंवा व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं. घरच्या संगणकावर व्हॉल्यूम दिसलं, तर ती की कुणा संस्थेची. केएमएस असेल तर खाली सर्व्हरचं नावही सहसा दिसतं. विक्रेत्याला परतावा मागताना याच चौकटीचा स्क्रीनशॉट जोडावा. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे घेऊन विक्रेता गायबच झाला, तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करावा; रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येते.

पुष्कळदा की विकत घ्यायची गरजच नसते. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून, विंडोजसह विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते. फॉरमॅट केल्यावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तीच आवृत्ती उतरवून घातली, होमच्या जागी होम, तर इंटरनेट जोडताच ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. दुरुस्तीवाला फॉरमॅटच्या बिलात नव्या कीचे पैसे लावत असेल, तर आधी हे करून पाहायला सांगावं.