सेवक-नेतृत्व आणि नम्रता (ख्रिस्ती धर्म)

ज्याच्या हातात अधिकार आहे त्यानेच आधी खाली वाकायचं, हा ख्रिस्ती श्रद्धेतला नेतृत्वाचा विचार. त्याचे दोन मुख्य आधार बायबलमधल्या शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, आहेत: योहानच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायात (योहान 13) येशू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग, आणि मार्कच्या शुभवर्तमानातला 10:35-45 (अध्याय 10, वचनं 35 ते 45) हा भाग, जिथे याकोब आणि योहान हे दोन शिष्य मानाच्या जागा मागतात आणि उत्तर मिळतं की ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं.

‘सेवक-नेतृत्व’ हा शब्द मात्र बायबलमध्ये कुठेच नाही. तो रूढ झाला अमेरिकेतल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांच्या 1970 च्या निबंधामुळे. ते टेलिफोन कंपनीत मॅनेजमेंटचं काम केलेले, पंथाने क्वेकर (साधेपणावर भर देणारा एक ख्रिस्ती पंथ), आणि कल्पना सुचली ती हर्मन हेसेच्या कादंबरीतल्या लिओ नावाच्या नोकरावरून असं त्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे विचार चर्चमध्ये शतकानुशतकं होताच, नाव तेवढं बाहेरून आलं.

खरा वाद आहे तो मूळ ग्रीक शब्दावर. मार्क 10:43 मधला ‘सेवक’ म्हणजे ग्रीकमध्ये ‘दियाकोनोस’. 20 व्या शतकातल्या जर्मन अभ्यासकांनी, विशेषतः विल्हेल्म ब्रांट यांनी 1931 मध्ये, याचा अर्थ जेवण वाढणारा, प्रेमाने हलकी कामं करणारा असा धरला आणि पुढे कोशांमधून तोच पसरला. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियन अभ्यासक जॉन कॉलिन्स यांनी जुनं ग्रीक साहित्य चाळून दाखवलं की या शब्दात हलकेपणा मुळात नाहीच, दियाकोनोस म्हणजे कुणीतरी काम सोपवून पाठवलेला माणूस, दूत, मध्यस्थ, आणि म्हणून भर पाठवणाऱ्याच्या आज्ञेवर आहे, ज्याची सेवा होते त्याच्यावर तितका नाही. शब्दापुरतं बघितलं तर कॉलिन्स यांची बाजू जास्त भक्कम वाटते. पण लगेच पुढच्या वचनात, 10:44 मध्ये, ‘दुलोस’ म्हणजे चक्क गुलाम हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ कितीही ताणला तरी मानाचा होत नाही, त्यामुळे खाली उतरण्याचा मुद्दा सोडून देता येत नाही.

नम्रतेच्या शब्दाचंही असंच आहे. ‘तापेइनोस’ हा ग्रीक जगात बहुतेक वेळा कमीपणाचाच शब्द, हलका, लाचार अशा अर्थाचा, आणि तो सद्गुण झाला हे यहुदी शास्त्राच्या ग्रीक भाषांतरामुळे आणि नंतर पौलामुळे, म्हणजे ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत त्या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकामुळे. त्याच्या फिलिप्पैकरांस पत्रातल्या 2:6-11 या स्तोत्रासारख्या भागात ख्रिस्ताने ‘स्वतःला रिक्त केलं’ असं म्हटलंय. हे स्तोत्र पौलाच्या आधीचं असावं असं अर्न्स्ट लोमायर यांनी 1928 मध्ये मांडलं, बऱ्याच जणांनी ते स्वीकारलंय, सगळ्यांनी नाही. स्वतःला तुच्छ समजणं असा अर्थ इथे निघत नाही, जे हक्काचं आहे ते धरून न ठेवणं असा निघतो, आणि हा फरक प्रवचनांत फार वेळा हरवतो.

पाय धुण्याच्या विधीचा सुरुवातीचा इतिहास तुटक आहे. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 तीमथ्य 5:10) विधवांच्या संदर्भात उल्लेख येतो. स्पेनमधल्या एल्विरा इथल्या चर्चच्या परिषदेने (साधारण इ.स. 300 ते 310) बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मगुरूंनी पाय धुवायला मनाई केली, तर त्याच शतकात मिलानचे बिशप अँब्रोज रोममध्ये ही प्रथा नसल्याचं मान्य करूनही तिची बाजू घेताना दिसतात. 694 च्या स्पेनमधल्या तोलेदो परिषदेने पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) पाय धुणं बंधनकारक केलं. संन्यासी बेनेडिक्टच्या मठ-नियमावलीत (6 वं शतक) स्वयंपाकघरातली आठवड्याची पाळी संपवणारा आणि नवीन पाळी घेणारा दोघं मिळून सगळ्यांचे पाय धुतात, आणि पाहुण्यांचे पाय मठाधिपतीसकट सगळे धुतात. पोप पहिले ग्रेगरी (590-604) स्वतःला ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवत आणि ही उपाधी पुढे पोपना कायमची चिकटली.

16 व्या शतकात प्रोटेस्टंट चर्च वेगळी झाली त्या सुधारणावादी चळवळीनंतर, तिच्यातूनच निघालेल्या मेनोनाइट पंथाच्या लोकांनी 1632 च्या दोर्द्रेख्त विश्वासपत्रात (श्रद्धेच्या जाहीरनाम्यात) पाय धुण्याला वेगळं कलम दिलं. कॅथलिक चर्चमध्ये 1955 च्या सुधारणांनी हा विधी पवित्र गुरुवारच्या मिस्सात (मुख्य उपासनेत) आणला, फक्त पुरुषांसाठी. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात मुलींचेही पाय धुतले, आणि बायकांनाही सामील करता यावं म्हणून नियम बदलला तो 2016 मध्ये.

टीकाही आहे. स्त्रीवादी धर्म-अभ्यासक व्हॅलरी सेव्हिंग यांनी 1960 मध्ये विचारलं की ज्यांच्याकडे मुळात ‘मी’च उरू दिलेला नाही, अशा बायकांना अहंकार सोडा असं सांगून काय साधणार? प्रश्न रास्त आहे, कारण योहान 13 मध्ये पाय धुणारा ‘प्रभू आणि गुरू’ आहे, 13:14 मध्ये तो स्वतःच तसं म्हणतो, आणि वाकायला सांगितलंय ते आधी त्या जागेवरच्या माणसाला.