जुन्या नकाशांवरचे दोन बॉस्पोरस

जुन्या नकाशावर 'बॉस्पोरस' वाचलं की आपण थेट इस्तंबूलला पोचतो. पण या नावाच्या सामुद्रधुनी दोन होत्या, आणि दोन्ही काळ्या समुद्राच्याच काठी.

थ्रेसचा (थ्रेस हा इस्तंबूलच्या पश्चिमेचा प्रदेश) बॉस्पोरस तो इस्तंबूलचा. लांबी सुमारे ३० किलोमीटर, अरुंद जागी रुंदी जेमतेम ७०० मीटर. किमेरियन बॉस्पोरस म्हणजे क्रिमियाच्या पूर्व टोकाची आजची केर्चची सामुद्रधुनी. ती उथळ आहे आणि तिच्यातून आत गेलं की अझोव्ह समुद्र लागतो.

ग्रीकमध्ये 'बूस' म्हणजे गाय किंवा बैल, 'पोरोस' म्हणजे पार होण्याची जागा. आपण नदीला 'उतार' म्हणतो तसा हा गायउतार. ग्रीक पुराणातली, गाय झालेली इओ इथून पलीकडे गेली, अशी कथा. पण इथून म्हणजे कुठून? बहुतेक कथा इस्तंबूलकडे बोट दाखवतात. ग्रीक नाटककार इस्किलसच्या नावावर असलेल्या 'बद्ध प्रॉमिथिअस' नाटकात मात्र ती अझोव्हच्या तोंडाशी पार होते. म्हणजे घोळ नकाशांच्याही आधीचा आहे.

प्राचीन भूगोलज्ञ टॉलेमीच्या पद्धतीच्या नकाशांत दोन्ही सापडतात, तेव्हा विशेषण आधी वाचावं: थ्रेसचा की किमेरियन? ते पुसट असेल तर उत्तरेकडे पाहावं. तिथे अवाढव्य 'मेओटिस' पसरलेला दिसला की तो केर्चचा. मेओटिस म्हणजे अझोव्ह. प्रत्यक्षात तो काळ्या समुद्राच्या दहाव्या हिश्शाएवढाही नाही, पण ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने तो काळ्या समुद्रापेक्षा फारसा लहान नाही असं लिहून ठेवलं होतं. टॉलेमीच्या आकड्यांवरून काढलेल्या नकाशांतही तो असाच फुगलेला राहिला. मला तर ही चूक फार उपयोगाची वाटते. दुरूनही ओळख पटते.

ग्रंथांत विशेषण नसेल तर जास्त फसगत होते. इ. स. पूर्व ३५५ च्या सुमारास अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस सांगतो, की बॉस्पोरसहून अथेन्सला वर्षाला सुमारे ४ लाख मेडिम्नॉय (धान्य मोजायचं ग्रीक माप) धान्य येतं. हा बॉस्पोरस म्हणजे केर्चभोवतीचं राज्य. ते धान्य घेऊन निघालेली जहाजं मग दुसऱ्या बॉस्पोरसातून अथेन्सकडे उतरत.

मध्ययुगीन खलाशांच्या पोर्टोलान नकाशांवर बंदरांची नावं किनाऱ्याला आडवी, जमिनीच्या बाजूला लिहिलेली असतात. तिथे क्रिमियाच्या पूर्व टोकाला 'व्होस्प्रो' किंवा 'व्होस्पोरो' आढळतं. ते सामुद्रधुनीचं नाव नव्हे, केर्च गावाचं.