झोजिलाचा चढ आणि मालट्रकचे चाक

१ एप्रिल २०२५ रोजी सीमा रस्ते संघटनेने, म्हणजे बीआरओने, काश्मीरला लडाखशी जोडणाऱ्या श्रीनगर-लेह मार्गावरची झोजिला खिंड वाहतुकीला खुली केली. त्या हिवाळ्यात ती ३२ दिवस बंद राहिली. २०२४ मध्ये हाच बंद ३५ दिवसांचा होता, २०२३ मध्ये ६८ दिवसांचा, २०२२ मध्ये ७३ आणि त्याच्या आदल्या वर्षी ११० दिवसांचा. त्यापूर्वी वर्षातले पाच-सहा महिने खिंड मिटलेलीच असे. हे आकडे कौतुकाचे आहेतच. पण त्यांतून एक नवा प्रश्न उभा राहिला आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. बंदमधून सुटलेले हे सगळे दिवस ऐन हिवाळ्यातले आहेत. पूर्वी खिंड बंद म्हणजे ट्रक बंद. बर्फावर भरलेली गाडी चढवायची वेळ साध्या मालवाहू चालकावर क्वचितच येई. आता ती येते, आणि ज्या गाडीनिशी येते ती गाडी बर्फासाठी बनलेलीच नसते.

झोजिलाची उंची साडेतीन हजार मीटरच्या थोडी वर. लडाखमधल्या खारदुंगला किंवा चांगला या खिंडींपुढे ही काहीच नाही. पण बर्फ उंचीवर ठरत नाही, ढग कुठे अडतात यावर ठरतो. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे ओलसर वारे काश्मीरच्या बाजूने या रांगेवर आदळतात आणि त्यांचे बहुतेक पाणी इथेच बर्फ होऊन उतरते. पलीकडचा लडाख कोरडा राहतो. शिवाय चढाची ठेवणही एकतर्फी आहे. सोनमर्ग सुमारे २,७०० मीटरवर आहे. तिथून बालतालवरून खिंडीपर्यंतचा रस्ता कड्याला बिलगून वळणावळणाने वर जातो. माथ्यापलीकडे गुमरी, मीनामर्ग, मटायन करत द्रासपर्यंत उतार तुलनेने सौम्य आहे. म्हणजे सर्वांत खडा चढ आणि सर्वांत जास्त बर्फ एकाच ठिकाणी.

या चढावर जड वाहन नेण्याचा पहिला मोठा प्रसंग १९४८ चा, काश्मीरवरून झालेल्या भारत-पाकिस्तान युद्धातला. लेहकडे जाणारा मार्ग शत्रूने झोजिलापाशी रोखून धरला होता आणि पायदळाचे हल्ले फसले होते. मेजर जनरल थिमय्या यांनी रणगाडे वर न्यायचे ठरवले. ७ लाइट कॅव्हलरी या रणगाडा दलाचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे अखनूरहून श्रीनगरला आणले गेले. बातमी फुटू नये म्हणून वाटेत त्यांचे वरचे तोफेचे बुरूज उतरवून ठेवले होते. बालतालपासूनची खेचरांची वाट मद्रास सॅपर्स या लष्करी अभियंता दलाच्या जवानांनी रुंद केली. १ नोव्हेंबर १९४८ ला, बर्फ पडत असताना, रणगाडे खिंडीत शिरले. महिना संपण्याआधी कारगिल हाती आले होते.

या कथेतला युद्धाचा भाग सर्वांना ठाऊक असतो. चाकाच्या अंगाने तिच्याकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. रणगाड्याचे पट्टे जमिनीवर लांबवर टेकलेले असतात आणि तेच पट्टे त्याला ओढतातही. त्यामुळे त्याचे सगळेच्या सगळे वजन पकड मिळवण्याच्या कामी येते. मालट्रकचे तसे नसते, आणि पुढची सारी अडचण इथेच आहे.

थोडा हिशोब मांडतो. दोन आसांचा, म्हणजे अ‍ॅक्सलांचा, भरलेला ट्रक १६ टनांचा धरू. त्यातले साधारण १० टन मागच्या आसावर येतात, आणि इंजिन फिरवते ती चाके मागचीच. गुळगुळीत बर्फावर रबराला वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी पकड मिळते. म्हणजे गाडी पुढे ढकलायला मिळाले एक टनाचे बळ. आता चढ ६ टक्के, म्हणजे १०० मीटरला ६ मीटर. १६ टनांची गाडी अशा चढावर मागे खेचली जाते तीही जवळपास एक टनाच्याच बळाने. दोन्ही बाजू समसमान झाल्या. त्यात चाकापुढे साचलेला भुसभुशीत बर्फ आणि वळणावरचा जास्तीचा चढ मिळवला की गाडी तिथेच थांबली. इंजिन दोनशे अश्वशक्तीचे असो की चारशेचे, उपयोग नाही. रिकामा ट्रक तर आणखी अडचणीत येतो, कारण माल उतरला की मागच्या आसावरचा वाटा एकूण वजनापेक्षा जास्त वेगाने घटतो. लेहला माल उतरवून परतणारे बरेचसे ट्रक रिकामे असतात, हे लक्षात घेतले तर खिंडीत कोण का अडकतो याचा उलगडा होतो.

त्यात भर पडते डिफरन्शियलची. वळणावर आतल्या-बाहेरच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी ही सोय कोरड्या रस्त्यावर हवीच. पण एक चाक बर्फावर आणि दुसरे मोकळ्या खडीवर असेल तर तीच नडते. बर्फावरचे चाक गरागरा फिरत राहते आणि खडीवरच्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. डिफरन्शियल लॉक असेल तर दोन्ही चाके एकत्र बांधली जातात आणि खडीवरचे चाक गाडी बाहेर काढते.

म्हणूनच रस्ता आला तेव्हा पहिली सोय लष्कराने स्वतःची केली. ७ मे १९६० रोजी बीआरओ स्थापन झाली आणि काश्मीरची जबाबदारी तिच्या प्रोजेक्ट बीकन या विभागाकडे गेली. त्या दशकाच्या सुरुवातीलाच श्रीनगर-लेह मार्गावर वाहने धावू लागली. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून भारतात बनू लागलेला, पुढे जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीची ओळख ठरलेला शक्तिमान आणि त्याच्यानंतर आलेला अशोक लेलँडचा स्टॅलियन, या दोन्ही गाड्यांची चारही चाके ओढतात. पुढच्या आसावरचे वजनही कामाला लागते. रणगाड्याचा फायदा चाकांवर आणलेला. नागरी ट्रक मात्र मागच्या आसावरच ओढत राहिला, कारण मैदानी हमरस्त्यावर पुढचा ओढता आस म्हणजे नुसता जास्तीचा खर्च.

रस्त्याच्या या इतिहासाशी महाराष्ट्राचा संबंध आहे आणि तो जवळचा आहे. बीआरओचे कामगार ज्या दलात भरती होतात, त्या जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्सचे, म्हणजे ग्रेफचे, केंद्र पुण्याच्या दिघी कॅम्पात आहे. डोझर चालवणारा असो की यंत्रे दुरुस्त करणारा, त्याची सुरुवात दिघीत होते. लष्करी वाहनांवर संशोधन आणि चाचण्या करणारी, डीआरडीओ या संरक्षण संशोधन संघटनेची व्हीआरडीई ही संस्थाही अहिल्यानगरला आहे. दरवर्षी सोनमर्गकडून बीकनची आणि द्रासकडून प्रोजेक्ट विजयकची पथके बर्फ कापत एकमेकांकडे सरकतात. हिमकड्यांखाली, कोसळत्या बर्फाच्या वाटेवर काम करणारी ही माणसे आहेत. बंदचे दिवस घटले ते त्यांच्या जिवावर.

बर्फ कापला तरी चाकाचा प्रश्न सुटत नाही, उलट त्याचे रूप बदलते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रकहून उंच बर्फाच्या भिंती उरतात. दुपारी ऊन लागले की त्या पाझरतात, पाणी रस्त्यावर पसरते आणि सूर्य कलला की त्याची काच होते. शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ कडक थंडीतल्या कोरड्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण चाकाखाली पाण्याचा पातळ थर तयार होतो. चाक जागच्या जागी फिरवले तर घर्षणाच्या उष्णतेने हा थर आपणच बनवतो, म्हणून अशा जागी जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबणे हा सर्वांत वाईट उपाय. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सावकाश सोडत, चाक न घसरवता गाडी हलवायची. नाहीच हलली तर थांबून चाकामागे दगड लावायचा आणि चाकापुढे रेती टाकायची. मीठ टाकून बर्फ वितळवण्याची युक्ती उणे दहाच्या खाली फारशी चालत नाही, आणि द्रासच्या पट्ट्यात पारा त्याच्या कितीतरी खाली जातो. तिथे रेती-खडीच उपयोगी.

खरा उपाय जुना आहे. टायरला बांधायच्या साखळीचे पेटंट हॅरी वीड या न्यूयॉर्क राज्यातल्या गृहस्थाला २३ ऑगस्ट १९०४ रोजी मिळाले. त्या काळी लोक चिखलात नि बर्फात पकड यावी म्हणून चाकांना दोरखंड गुंडाळत. वीडने त्या जागी लोखंड आणले. पुढे १९३४ मध्ये फिनलंडमध्ये, आजच्या नोकियन टायर्सच्या मूळ कंपनीने, खास बर्फासाठीचा टायर काढला. मुद्दाम सांगायचे म्हणजे तो मोटारींसाठी नव्हता, ट्रकसाठी होता. मोटारींचा टायर त्यानंतर दोन वर्षांनी आला. बर्फाळ देशांनी हा प्रश्न आधी मालवाहतुकीचा म्हणूनच सोडवायला घेतला.

साखळी चढवणे हे कष्टाचे काम आहे. ती चढाच्या आधी, सपाट जागीच चढवायला हवी. गाडी अडकल्यावर उतारावर चाकापाशी वाकून बसणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. साखळी चाकापुढे जमिनीवर पसरायची, पीळ नीट सोडवायचे, गाडी हळूच तिच्यावर घ्यायची, आधी आतल्या बाजूचा आकडा अडकवायचा, मग बाहेरचा. थोडे अंतर जाऊन उतरायचे आणि पुन्हा ताणायची, कारण पहिल्या फेऱ्यांत ती सैल पडतेच. गोठलेल्या बोटांनी हे करताना हातमोजे काढावे लागतात. बर्फ संपला की ती काढायचीही असते, नाहीतर मोकळ्या डांबरावर कड्या तुटून चाकाच्या कमानीत आदळतात.

थंडी इंजिनालाही सोडत नाही. साध्या डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबतो. टाकीखाली शेगडी किंवा जाळ पेटवून गाडी चालू करण्याची जोखमीची पद्धत लडाखमध्ये वर्षानुवर्षे होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने पानिपतच्या रिफायनरीत बनलेले, उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल लडाखमध्ये आणले. इंधनाची अडचण अशी बरीच सुटली. चाकाची तशीच आहे.

सध्याची व्यवस्था अशी: वाहतूक पोलीस आळीपाळीने एकेका दिशेची वाहतूक सोडतात, हिमवृष्टीनंतर आधी साखळी लावलेल्या हलक्या गाड्या जातात आणि ट्रक सोनमर्ग किंवा मीनामर्गला रांगेत थांबतात. साखळीची सक्ती सूचनापत्रात असते. ती कुठे चढवायची, कुठे मिळेल, ती कशी बांधतात हे कोण शिकवणार, याची व्यवस्था नसते. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात आय-७० मार्गाच्या डोंगरी टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे व्यावसायिक वाहनांनी साखळ्या जवळ बाळगणे बंधनकारक आहे, आणि त्याच रस्त्यालगत साखळी चढवण्यासाठी रुंद, आखलेल्या जागा आहेत. सक्ती आणि सोय जोडीने आली. आपल्याकडे फक्त सक्ती आली.

१३ जानेवारी २०२५ ला सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि पुढचा, १३ किलोमीटरहून लांब झोजिला बोगदा खोदला जात आहे. तो झाला की बालतालचा चढ ट्रकच्या वाटेतून जाईल. पण लेहपर्यंत नमिकाला आणि ४,१०० मीटरवरची फोटूला या खिंडी उरतातच. नुब्राकडचा माल खारदुंगलावरूनच जाणार आणि पँगाँगकडचा चांगलावरून. आणि बोगदा होईपर्यंतचे हिवाळे आहेतच. तोवर सोनमर्ग आणि मीनामर्गला साखळी चढवण्याच्या सपाट, उजेड असलेल्या जागा करणे, तिथे भाड्याने साखळ्या देणे आणि चालकाला ती बांधायला शिकवणारा माणूस नेमणे, एवढे तरी करता येण्याजोगे आहे. त्याला डोंगर पोखरावा लागत नाही.