जलाशयविस्ताराचे दीर्घमुदती कंत्राट

शहराला पाणी पुरवणाऱ्या धरणाची साठवणक्षमता वाढवण्यासाठी, किंवा त्याला नव्या जलाशयाची जोड देण्यासाठी, एकाहून अधिक पावसाळे चालणाऱ्या कामाचा शासकीय यंत्रणा व कंत्राटदार यांच्यात होणारा लेखी करार. व्यवहारात ही संज्ञा दोन वेगळ्या दस्तऐवजांना सरसकट लावली जाते. पहिला बांधकामाचा असतो व काम पुरे झाले की संपतो. दुसरा धरणाचा मालक असलेला जलसंपदा विभाग आणि पाणी उचलणारी महानगरपालिका यांच्यातील पाणीकरार असतो. त्याचे नूतनीकरण होत राहते आणि साठ्यातील शहराचा वाटा त्यावरून ठरतो. प्रस्तुत नोंदीत दोहोंचा विचार पुणे शहराच्या संदर्भात केला आहे.

‘कंत्राट’ हा शब्द इंग्रजीतून आला की पोर्तुगीजातून, याविषयी एकवाक्यता नाही. इंग्रजी अंमलात सार्वजनिक बांधकाम खात्याची कागदपत्रे इंग्रजीत होती, त्यामुळे इंग्रजी उगम सांगणारा पक्ष सकृद्दर्शनी सबळ वाटतो. परंतु ध्वनींकडे पाहिले असता पारडे दुसरीकडे झुकते. इंग्रजीतून आलेल्या शब्दांत ‘ट’ व ‘र’ यांचा जोड मराठीत मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून उच्चारला जाणारा, राहतो (ट्रक, ट्रंक, काँट्रॅक्ट), तर पोर्तुगीजातून आलेल्या शब्दांत तो दंत्य, म्हणजे दातांशी उच्चारला जाणारा, होतो (मेस्त्री, इस्त्री). ‘कंत्राट’मधील ‘त्र’ दंत्य आहे. शिवाय इंग्रजी शब्दातील ‘क्ट’मधला ‘क’ मराठी रूपात कोठेच उरलेला नाही, आणि पोर्तुगीज ‘कोन्त्रातो’मध्ये तो मुळातच नाही. शेवटचा ‘ट’ तेवढा अडचणीचा आहे. तथापि ‘बटाटा’ या शब्दात पोर्तुगीज ‘त’चा ‘ट’ झालेला दिसतोच, किंवा नंतरच्या इंग्रजी सहवासाने हा बदल घडला असेल. वसई परिसरावर पोर्तुगिजांची सत्ता सुमारे दोन शतके, १७३९ पर्यंत होती हे ध्यानात घेता पोर्तुगीज उगम अधिक संभाव्य मानावा लागतो. ‘कंत्राट’ रुळण्याआधीच्या व्यवहारात ‘मक्ता’ आणि ‘इजारा’ हे अरबी वळणाचे शब्द चालत, पण त्यांचा रोख मुख्यतः महसूल किंवा उत्पन्न ठरावीक रकमेवर सोपवण्याकडे होता. काम करवून घेण्याचा अर्थ आज ‘कंत्राट’ आणि ‘ठेका’ हे शब्द वाहतात. ‘करार’ व ‘मुदत’ हेही मूळचे अरबीच. ‘निविदा’ हा तेवढा राज्यकारभाराच्या मराठी परिभाषेने रुळवलेला संस्कृत शब्द.

पुण्याच्या पाणीपुरवठ्याचा जुना टप्पा पेशवाईतला. कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने शहरातील हौदांपर्यंत पाणी आणण्याचे काम नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७४९च्या सुमारास किंवा त्यानंतरच्या काही वर्षांत झाले असे सामान्यतः मानले जाते. त्या कामाला आजच्या अर्थाने कंत्राट म्हणणे धाडसाचे ठरेल.

आधुनिक टप्पा मुठा नदीवरील खडकवासला धरणापासून सुरू होतो. लष्करी अभियंता फाइफ यांच्या योजनेनुसार हे दगडी धरण १८६०च्या दशकाच्या अखेरीस हाती घेण्यात आले. पूर्णत्वाचे वर्ष कोठे १८७९ तर कोठे १८८० असे आढळते. कालवे व नंतरची किरकोळ कामे हिशेबात धरली की नाहीत यावर हा फरक अवलंबून असावा. मुठा कालव्यांखालील शेती तसेच पुणे व खडकी येथील वस्ती व छावण्या या दोहोंसाठी पाणी, असा त्याचा दुहेरी हेतू आरंभापासून होता, आणि पुण्याच्या पाण्याचा पुढचा सारा वाद या दुहेरी हेतूतच रुजलेला आहे.

विस्तार म्हणजे नवी भिंत असे समीकरण नेहमीच खरे नसते, याचे ठळक उदाहरणही खडकवासल्याचेच. मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या या अभियंत्यांनी येथील सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या मार्गावर, स्वयंचलित दरवाजे बसवले (१९०३). धरणाची उंची न वाढवता पाण्याची पातळी मूळ सांडव्याच्या वर सुमारे ८ फूट धरता आली आणि साठा सुमारे एक चतुर्थांशाने वाढला. पातळी ठरावीक मर्यादेपुढे चढली की पाण्याच्याच बळावर दरवाजे उघडत आणि पूर ओसरला की मिटत. क्षमतेतील वाढ आणि खर्च यांचे इतके अनुकूल प्रमाण पुण्याच्या जलाशयांच्या पुढील इतिहासात पुन्हा दिसत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात अंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण उभारले जात होते. ते पहिल्याच भरतीत, १२ जुलै १९६१ रोजी फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. कारणांबाबत चौकशी झाली. विमोचकाच्या (धरणातून पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाच्या) मोरीचे काम अपुरे असताना पाणी साठू दिले गेले आणि मोरीपाशी भराव खचला, हे स्पष्टीकरण सर्वाधिक स्वीकारले जाते. कंत्राटाच्या दृष्टीने यातला धडा असा की मातीच्या धरणात कामाचे टप्पे आणि पावसाळ्याची तारीख ही दोन कॅलेंडरे जुळवणे ही अभियांत्रिकीइतकीच कराराचीही बाब आहे. दोन्ही धरणांची पुन्हा उभारणी झाली. पुढे मोसे नदीवर वरसगाव आणि मुठेच्या उगमाकडे टेमघर ही धरणे झाली. आज चारही धरणांचा उपयुक्त साठा २९.१५ अब्ज घनफूट (टीएमसी) धरला जातो: खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर.

दीर्घ मुदतीचे मूळ कारण पैसा नसून हंगाम आहे, आणि ते ‘घळभरणी’त सर्वांत स्पष्ट दिसते. मातीच्या धरणाचे दोन्ही तीरांकडचे भराव अगोदर चढवतात. मधे नदीपात्रापुरती मोकळी जागा, म्हणजे घळ, ठेवतात, म्हणजे बांधकामाच्या वर्षांतले पूर तेथून निघून जातात. शेवटच्या हंगामात नदी विमोचकाकडे वळवून ही घळ भरायची असते. पावसाळा संपून पात्र कोरडे पडले की कठीण खडकापर्यंत चर खोदतात, तळ धुऊन घेतात, चिकणमातीचा गाभा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाड मातीचे कवच पातळ थरांनी चढवतात. प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवतात, नमुना काढून घनता तपासतात आणि ती अपेक्षेइतकी भरली तरच पुढचा थर टाकू देतात. हे सारे जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाआधी सुरक्षित उंचीला न्यावे लागते. भूसंपादनाने किंवा निधीअभावी काम फेब्रुवारीत रखडले, तर कंत्राटदाराला दोन महिन्यांची मुदतवाढ देऊन भागत नाही. ती आपोआप वर्षाची होते. म्हणून ‘३६ महिने’ असे लिहिलेल्या मुदतीचा खरा अर्थ तीन हंगाम असा घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात जलसंपदा व बांधकाम खात्यांच्या कामांसाठी रूढ असलेले निविदा नमुने तीन: बी-१, बी-२ आणि सी. बी-१ मध्ये खात्याचे अंदाजपत्रक आधार मानून बोलीदार एकूण टक्केवारी देतो. अंदाजापेक्षा कमी दराची बोली कंत्राटदारांच्या बोलण्यात ‘बिलो’ आणि अधिक दराची ‘अबोव्ह’. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर स्वतंत्र भरायचा असतो. सी हा ठोक रकमेचा नमुना. बयाणा, सुरक्षा अनामत, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकातील नोंदींवर निघणारी चालू देयके आणि काम संपल्यावरचा दोषदायित्व कालावधी (ज्यात निघालेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करायचे असतात) हा क्रम तिन्हींत सारखाच असून तो सर्वपरिचित आहे.

वादाचा खरा विषय बी-१ नमुन्यातील कलम ३८ हा आहे. निविदेत दिलेली परिमाणे अंदाजे असतात हे या कलमाने गृहीत धरले आहे. एखाद्या बाबीचे प्रत्यक्ष काम निविदेतील परिमाणाच्या १२५ टक्क्यांपर्यंत गेले तरी कंत्राटदाराने ते मूळ दरानेच करायचे असते. त्यापुढील कामासाठी चालू दरसूचीच्या (खात्याने ठरवलेल्या दरांच्या यादीच्या) आधारे वेगळा दर काढतात. कलमाचा हेतू वाजवी आहे, कारण पाया खणल्याशिवाय खडक किती खोल आहे हे नक्की कळत नाही, आणि सांडव्याच्या पायात भेग निघाली की काँक्रीट दुप्पट लागू शकते. मात्र अंदाजपत्रक घाईने केले असेल तर हेच कलम खर्चवाढीचे दार होते. अधिकचे परिमाण, भाववाढीच्या सूत्रानुसार मजुरी, इंधन, सिमेंट व पोलाद यांच्या निर्देशांकांवर दिला जाणारा फरक, आणि मधल्या काळात बदललेली दरसूची या तिन्हींची बेरीज झाली की प्रकल्प ‘सुधारित प्रशासकीय मान्यते’साठी जातो. कार्यालयीन मराठीत या मान्यतेला ‘सुप्रमा’ असे लाडके संक्षिप्त रूप मिळाले आहे, यावरूनच तिची वारंवारता कळावी. राज्यातील सिंचन प्रकल्पांच्या खर्चवाढीवर २०१२ मध्ये शासनाने श्वेतपत्रिका काढली, आणि त्यानंतर जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. कलम ३८ चा वापर त्या चर्चेच्या केंद्रस्थानी होता. दोष कलमाचा की ते वापरणाऱ्यांचा, याविषयी अभियंत्यांत दोन तट आहेत. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

दोषदायित्वाची मर्यादा टेमघरने उघड केली. काम पुरे होऊन फार वर्षे लोटली नसताना, २०१६ मध्ये, या धरणातून होणारी मोठी गळती चर्चेत आली. जलाशय रिकामा करून भिंतीत सिमेंटचे द्रावण दाबाने भरण्याचे (ग्राउटिंग) आणि पाण्याकडच्या बाजूला लेप देण्याचे दुरुस्तीचे काम घ्यावे लागले. भिंतीतील दोष जलाशय अनेकदा पूर्ण भरून रिकामा झाल्यावरच पुरते उमगतात, हे ध्यानात घेता बांधकामातील नेहमीच्या दोषदायित्व कालावधीहून लांब मुदत धरणांना लावावी, अशी मांडणी यातून पुढे येते.

गाळ काढून क्षमता वाढवणे हा विस्ताराचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणून सुचवला जातो. येथे कंत्राटाची अडचण मोजमापाची असते. खणलेली माती सैल होऊन फुगते, त्यामुळे डंपरच्या खेपांवरून मोजलेला गाळ तळाच्या आधी व नंतर घेतलेल्या पातळ्यांवरून काढलेल्या आकारमानापेक्षा नेहमीच जास्त भरतो. देयक कोणत्या मापाने द्यायचे हे करारात लिहिलेले नसेल तर तंटा अटळ.

पाणीकराराची बाजू वेगळी. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या स्थापनेनंतर (अधिनियम २००५) ठोक पाण्याचे दर आणि निरनिराळ्या वापरकर्त्यांचे हक्क ठरवण्याचे अधिकार प्राधिकरणाकडे गेले. करार मात्र जलसंपदा विभाग आणि पालिका यांच्यातच होतो. पुणे महानगरपालिकेसाठी खडकवासला प्रकल्पातून ११.५० अब्ज घनफूट वार्षिक कोटा दीर्घकाळ आधारभूत धरला गेला. प्रत्यक्ष उचल त्याहून बरीच अधिक राहिली आहे. शहराने वापरलेल्या पाण्यापैकी ६.५ अब्ज घनफूट पाणी प्रक्रिया करून मुंढव्याच्या बंधाऱ्यापासून कालव्यात परत द्यावे, ही करारातील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण अट होय. यामुळे शहर निव्वळ ग्राहक न राहता अंशतः पुरवठादारही ठरते. परतीचे पाणी प्रमाणात व गुणवत्तेत कमी पडल्याची तक्रार दौंड व इंदापूरकडील शेतकरी करतात, तर वाढत्या लोकसंख्येकडे व हद्दीत आलेल्या गावांकडे पालिका बोट दाखवते. जलवर्ष १ जुलैला सुरू होते. कोणाला किती आवर्तने, म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या, मिळणार याची वाटाघाट कालवा सल्लागार समितीत होते, आणि कमी पावसाच्या वर्षी करारातील आकड्यांपेक्षा त्या बैठकीतला निर्णय अधिक प्रभावी असतो.

भीमेच्या खोऱ्यातील भामा आसखेड धरणातून पूर्व पुण्यासाठी २.६४ अब्ज घनफूट पाणी आणणारी जलवाहिनी हा अलीकडचा विस्तार. धरणग्रस्तांच्या मोबदल्याच्या मागण्यांमुळे काम वारंवार थांबले आणि योजना २०२१च्या आरंभी कार्यान्वित झाली. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत ८२ साठवण टाक्या, नवे नळजाळे आणि मीटर यांच्या बांधकामासोबत पुढील काही वर्षांच्या संचालन व देखभालीची जबाबदारीही कंत्राटातच समाविष्ट आहे. तिच्या निधीसाठी महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजाचे, दहा वर्षे मुदतीचे २०० कोटी रुपयांचे रोखे विकले.

पवना धरणातून पिंपरी-चिंचवडपर्यंत बंद जलवाहिनीची योजना कंत्राटाच्या अभ्यासात स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. नदीतून वाहत येणारे पाणी नळात बंद झाल्यास आपल्या विहिरी व उपसा यांना ते मिळणार नाही, असा मावळातील शेतकऱ्यांचा आक्षेप होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथील आंदोलनात पोलीस गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. कामाला स्थगिती मिळाली आणि ती सप्टेंबर २०२३ मध्ये उठवण्यात आली. मुदतवाढ आणि विलंबाचा दंड यांची नेहमीची कलमे एका-दोन हंगामांचा उशीर गृहीत धरून लिहिलेली असतात. बारा वर्षांच्या थांब्याला, त्यातल्या दरवाढीला आणि पडून राहिलेल्या साहित्याला ती कशी लावायची, याचे उत्तर निविदेच्या छापील नमुन्यात मिळत नाही.