ऑटोरोटेशन लँडिंग (आरसी हेलिकॉप्टर)

आरसी हेलिकॉप्टर (रेडिओ रिमोटवर उडणारं मॉडेल) हवेत असताना मोटर किंवा इंजिन बंद पडलं, किंवा आपणच मुद्दाम बंद केलं, की नुसत्या फिरत्या रोटरच्या (वरच्या पंख्याच्या) जोरावर त्याला धड खाली उतरवायचं याला ऑटोरोटेशन लँडिंग म्हणतात. उडवणारे लोक नुसतं 'ऑटो' म्हणतात. हेलिकॉप्टर खाली यायला लागलं की हवा खालून वर रोटरमधून जाते, आणि अशा वेळी ब्लेडचा पिच, म्हणजे कोन, थोडासा निगेटिव्ह (पुढची कड जरा खाली) ठेवला तर तीच हवा रोटर फिरता ठेवते, मोटरची गरजच पडत नाही. हुआन दे ला सिएर्व्हा या स्पॅनिश इंजिनिअरचं ऑटोजायरो १९२३ साली याच तत्त्वावर उडालं होतं, आणि खरी माणसं बसतात ती हेलिकॉप्टरंसुद्धा इंजिन गेलं की अशीच उतरवतात.

मॉडेलमध्ये यासाठी दोन गोष्टी लागतातच. एक म्हणजे मेन गिअरमधलं वन-वे बेअरिंग. मोटर थांबली तरी रोटर त्याच्यामुळे मोकळा फिरत राहतो. दुसरं म्हणजे कलेक्टिव्ह पिच, म्हणजे उडतानाच ब्लेडचा कोन कमीजास्त करता आला पाहिजे, फिक्स्ड पिचची छोटी हेलिकॉप्टरं त्यामुळे यातून बादच होतात. बहुतेक मॉडेलमध्ये मोटर बंद असतानाही टेल रोटर मेन रोटरच्याच गिअरवरून किंवा बेल्टवरून फिरतो, म्हणून शेवटपर्यंत नाक सरळ ठेवता येतं.

ट्रान्समीटरवर याचा स्विच म्हणजे थ्रॉटल होल्ड. तो मारला की मोटर कट होते पण पिच पूर्ण हातात राहतो. हा स्विच अशा जागी हवा की स्टिकवरचा हात न सोडता, खाली न बघता बोट तिथे पोचेल. खरी गरज पडते तेव्हा शोधायला वेळच नसतो, म्हणून ही सवय पहिल्या हॉवरपासूनच (हवेत एका जागी थांबणं) लावून घ्यावी. ऑटो म्हणजे थ्रीडी (उलटंपालटं कसरतीचं उडवणं) वगैरे सगळं जमल्यावर शेवटी शिकायची करामत असं बरेच जण धरून चालतात, ते मला अजिबात पटत नाही. ती सुरुवातीलाच शिकायची गोष्ट आहे.

नेहमीचा ऑटो साधारण असा होतो. वाऱ्याच्या समोरून, चांगली २०-३० मीटर उंची आणि पुढे जाण्याचा वेग घेऊन यायचं, होल्ड मारायचा आणि त्याच क्षणी कलेक्टिव्ह मधल्या जागेच्या थोडं खाली आणायचा, बऱ्याच मॉडेलला उणे २ ते उणे ५ अंश पुरतात. इथे उशीर झाला आणि पिच पॉझिटिव्हच राहिला तर हेडस्पीड (मेन रोटर फिरण्याचा वेग) भराभर पडतो आणि मग कमी उंचीवर तो परत मिळवता येत नाही. मोटरचा टॉर्क अचानक गेल्यामुळे नाक जरा झटका घेतं, ते जायरो (नाक आपोआप सरळ ठेवणारं सेन्सर) सांभाळतो. मग हेलिकॉप्टर तिरकं उतरत येतं, या वेळात फक्त रोटरच्या आवाजाकडे कान द्यायचा. जमीन ३-४ मीटरवर आली की सायक्लिक (हेलिकॉप्टर पुढे-मागे, बाजूला झुकवणारा कंट्रोल) मागे ओढून फ्लेअर करायचा, म्हणजे नाक वर उचलायचं, त्याने पुढचा वेग मरतो, खाली येणं मंदावतं आणि रोटरचा वेग उलट थोडा वाढतो. मग हेलिकॉप्टर सपाट करायचं आणि गुडघाभर उंचीवरून पॉझिटिव्ह पिच हळूहळू देत टेकवायचं.

सगळी गोम या शेवटच्या पिचमध्ये आहे. रोटरमधली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे हेडस्पीड २००० वरून १००० आरपीएमवर आला की ऊर्जा अर्धी नाही, पावच उरते. ही शिल्लक एकदाच खर्च करता येते. उंचावरच पिच ओढला तर हेलिकॉप्टर क्षणभर हवेत थांबतं आणि मग उरलेल्या उंचीवरून सरळ आपटतं. म्हणूनच ७०० साइझचं मोठं, जड ब्लेडचं हेलिकॉप्टर शिकायला छोट्या ४५० पेक्षा कितीतरी सोपं जातं, आणि समोरून हलका वारा असेल तर अजून सोपं.

शिकायची सुरुवात सिम्युलेटरवर, तिथे मनसोक्त आपटून घ्यावं. मग मैदानात गुडघ्याएवढ्या हॉवरमधून होल्ड मारून बघायचं, इथे मात्र निगेटिव्ह पिच द्यायचाच नाही, हेलिकॉप्टर बसायला लागलं की थेट पॉझिटिव्ह देत टेकवायचं, नवीन लोकांचा गोंधळ नेमका इथेच होतो. यातून शेवटचा भाग हातात बसतो. त्यानंतर एकदम ३-४ मीटरच्या स्थिर हॉवरवरून करायला जाऊ नये, कारण तिथे ना उंची असते ना वेग, रोटरला पुन्हा जोर धरायला जागाच नसते. त्यापेक्षा सरळ भरपूर उंची घ्यावी, आधी मोटर चालू ठेवूनच उतरायची वाट घोटावी, मग वरच होल्ड मारून थोडं खाली येऊन परत मोटर चालू करावी. यासाठी ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बेलआउटची, म्हणजे मोटर झटकन परत वेगात आणायची, सेटिंग लागते, नाहीतर मोटर सॉफ्ट स्टार्टने आरामात वेग घेत बसते आणि तोवर जमीन येते. ही सेटिंग आधी जमिनीवर तपासल्याशिवाय तिच्या भरवशावर उडू नये.

टेकल्यावरही काम संपलेलं नसतं. पिच झटकन निगेटिव्ह केला किंवा सायक्लिक जोरात हलवला तर मंदावलेली ब्लेडं खाली वाकून टेल बूमवर (शेपटीच्या नळीवर) बसतात. स्टिक हळूच मधे आणायची आणि रोटर पूर्ण थांबेपर्यंत जवळ जायचं नाही.

एफएआय या जागतिक हवाई क्रीडा संघटनेच्या एफ३सी (आरसी हेलिकॉप्टर) स्पर्धेत ऑटो करून दाखवावाच लागतो आणि वर्तुळात किती अचूक उतरला याचे गुण मिळतात. रोजच्या उडवण्यात उपयोग होतो तो ईएससी बंद पडणं, नायट्रो इंजिनाचं इंधन संपणं, मेन गिअरचे दात जाणं अशा वेळी. टेलचा बेल्ट तुटून हेलिकॉप्टर गरगरायला लागलं तरी पहिलं काम होल्डच, कारण मोटर थांबली की गरगरवणारा टॉर्कच जातो, नाकावर ताबा राहत नाही पण उतरवता येतं. रिसीव्हरचा किंवा सर्व्होंचा (ब्लेडचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरींचा) पॉवरच गेला तर मात्र ऑटोही होत नाही, पिच बदलायलाच काही उरत नाही, म्हणून बीईसी (या दोघांना वीज देणारं सर्किट) आणि तिची वायरिंग दर वेळी उडवण्याआधी बघावी.