इंजिनाच्या पोटातलं धुकं

४ डिसेंबर, म्हणजे नौदल दिन आला की आमच्या घरच्या ग्रुपवर युद्धनौकांचे व्हिडिओ फिरू लागतात. क्षेपणास्त्र सुटतं, हेलिकॉप्टर उतरतं, मागे जोरदार संगीत. ज्यांच्या जिवावर ते जहाज पाणी कापत पुढे जातं ती माणसं मात्र कधीच दिसत नाहीत, कारण ती खाली असतात, पाण्याच्या पातळीच्याही खाली. माझा मामा त्यांच्यातलाच. इंजिनरूम आर्टिफिसर, म्हणजे जहाजाची इंजिनं सांभाळणारा तंत्रज्ञ, नौदलाच्या बोलीत ‘ईआरए’. यंदा त्याच्या नातवाने, जो अग्निवीर भरतीची तयारी करतोय, विचारलं, “आजोबा, तोफेजवळ धोका असतो हे कळतं. पण डिझेल इंजिनात कसली भीती? ते काय पेट्रोल आहे भडकायला?”

मामा काही बोलला नाही. अंगणात एका वाटीत इंजिन ऑइल ओतलं, काडी पेटवली आणि तेलात बुडवली. चुर्र करून काडी विझली. “बघ, तुझं बरोबर आहे,” तो म्हणाला. “आणि ह्याच तेलाने माणसं मेली आहेत.”

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजायला इंजिनाच्या पोटात शिरावं लागतं. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘शिवालिक’ ही फ्रिगेट जातीची युद्धनौका २०१० मध्ये नौदलात दाखल झाली. बेताच्या वेगाने जायचं तेव्हा तिची दोन पिलस्टिक डिझेल इंजिनं चालतात, सुसाट पळायचं तेव्हा गॅस टर्बाइन. एकेका डिझेलला १६ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास २८ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जेवणाच्या ताटाएवढा. सिलिंडरांच्या खाली जी बंद पेटी असते, जिच्यात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा, असतो, ती क्रँककेस. तिथे इंधन नसतं, ज्वाला नसते. असतं फक्त वंगणाचं तेल. बेअरिंगांमधून ते गळत राहतं आणि फिरता क्रँक त्याचे शिंतोडे उडवतो. आत अखंड पाऊस चालू असतो म्हणा ना. त्या पावसाने धोका नाही. थेंब मोठे असतात, आणि हे तेल पेटायला २०० अंश सेल्सिअसच्याही वर तापावं लागतं.

धोका पावसाचा नाही, धुक्याचा आहे.

मामाचं शिक्षण लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीमध्ये झालं. १९४५ पासून नौदलाचे इंजिनवाले तिथेच घडतात. आणि धुकं कसं तयार होतं हे शिकायला जुलैतल्या लोणावळ्यासारखी दुसरी जागा नाही. दमट हवा घाट चढते, गार होते, आणि हवेतल्या वाफेचे इतके बारीक थेंब होतात की ते खाली पडतच नाहीत, तरंगत राहतात. क्रँककेसमध्ये नेमकं हेच घडतं, फक्त पाण्याऐवजी तेलाचं. समजा, एखाद्या बेअरिंगला तेल कमी पडलं किंवा पिस्टन सिलिंडरला घासायला लागला. ती एक जागा तापत जाते. तिच्यावर पडलेल्या तेलाची वाफ होते. वाफ बाजूच्या गार हवेत गेली की निवते आणि पांढरं धुकं तयार होतं. त्यातले थेंब साधारण १ ते १० मायक्रॉनचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

आता इथे थोडं गणित करू, कारण सगळी गंमत त्यात आहे. १ घनसेंटिमीटर तेलाचा एकच गोल थेंब घेतला, तर त्याचं पृष्ठफळ ५ चौरस सेंटिमीटरही भरत नाही. तेच तेल ५ मायक्रॉनच्या थेंबांत फोडलं, तर सुमारे १,५०० कोटी थेंब होतात आणि त्यांचं एकूण पृष्ठफळ १.२ चौरस मीटर. चौघांच्या जेवणाच्या टेबलाएवढं! तेल तेवढंच, पण हवेला भिडणारा पृष्ठभाग अडीच हजार पट. जळणं हा पृष्ठभागावरचा खेळ आहे. म्हणून ओंडका पेटवताना फुंकून फुंकून जीव जातो, आणि हवेत उडालेल्या भुशाचा भडका उडतो. एक लिटर हवेत ५० मिलिग्रॅमच्या आसपास तेल धुक्याच्या रूपात साचलं, की ते मिश्रण स्फोटक होतं. ठिणगी बाहेरून लागत नाही. ज्या तापलेल्या जागेने धुकं जन्माला घातलं, तीच ते पेटवते.

पहिला स्फोट बहुधा लहान असतो. पण तो क्रँककेसची दारं उडवतो, आतले गरम वायू बाहेर पडतात, उरलेले गार होऊन आकसतात आणि आत दाब कमी होतो. मग बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते. आत तेलाचं धुकं उरलेलं, त्याला आता प्राणवायू मिळाला. दुसरा स्फोट होतो तो याचा, आणि खरा संहार तो करतो.

‘रेना देल पॅसिफिको’ या ब्रिटिश जहाजाने महायुद्धात सैनिकांची ने-आण केली. युद्धानंतर बेलफास्टला दुरुस्ती होऊन ते ११ सप्टेंबर १९४७ रोजी चाचणीसाठी समुद्रात होतं. एका इंजिनात तापण्यापासून सुरुवात झाली आणि चारही इंजिनांच्या क्रँककेस फुटल्या. इंजिनरूममधली २८ माणसं गेली. या विषयाच्या संशोधनाला खरा जोर आला तो त्यानंतर. आज मोठ्या इंजिनांच्या क्रँककेसला स्प्रिंगच्या झडपा असतात. वातावरणाच्या दाबाच्या फार तर पाचव्या हिश्शाएवढा जास्तीचा दाब झाला की त्या उघडतात आणि लगेच मिटतात. मला त्यांचं मिटणंच जास्त मोलाचं वाटतं, कारण दुसऱ्या स्फोटाची हवा तिथे अडते.

त्याच्याही आधी सावध करतो तो मिस्ट डिटेक्टर, म्हणजे धुकं ओळखणारं यंत्र. घाटात धुकं दाटलं की गाडीच्या दिव्याचा झोत पुढे पोचत नाही. त्याच तत्त्वावर तो चालतो. क्रँककेसमधली हवा प्रकाशाच्या झोतापुढून नेतात आणि झोत किती अडतो ते मोजतात. लिटरला अडीच मिलिग्रॅमच्या सुमारास, म्हणजे धोक्याच्या विसाव्या हिश्शालाच, अलार्म वाजतो. पण त्याची काच तेलकट झाली की तो उगाच कोकलतो, आणि कंटाळलेला माणूस तो बंद करून ठेवतो. मामा याला गुन्हा म्हणतो, आणि मलाही दुसरा शब्द सुचत नाही. खंडेनवमीला इंजिनाला हार घालतात, नारळ फोडतात. हत्याराबद्दलचा तो आदर मला मनापासून आवडतो. मात्र लिंबू-मिरची बांधून बेअरिंग गार राहत नाही. काच पुसल्याने जीव वाचतो. ‘आता एआय सगळं आधीच सांगेल’ म्हणणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. सेन्सर तेलकट, तर एआयसुद्धा आंधळं.

“अलार्म वाजला की तुम्ही काय करायचात?” नातवाने विचारलं.

आधी ब्रिजला, म्हणजे जिथून जहाज हाकतात तिथे, कळवायचं, मग इंजिनावरचा भार उतरवून ते थांबवायचं. युद्धनौकेवर हा निर्णय जड असतो, कारण वेग कमी होणं म्हणजे शत्रूचा नेम सोपा होणं. म्हणूनच तिला एकाहून जास्त इंजिनं असतात. एक क्लचमधून सोडवून दुसऱ्यावर जाता येतं. तेलाचा पंप मात्र चालूच ठेवायचा, म्हणजे तापलेली जागा निवते. झडपांसमोरून बाजूला व्हायचं. आणि क्रँककेसचं दार किमान २० मिनिटं उघडायचं नाही. आत काय झालंय हे बघण्याची इच्छा अनावर होते, पण दार उघडणं म्हणजे आपल्या हाताने हवा आत सोडणं.

वेळ झाल्यावर दार उघडून एकेका बेअरिंगला हाताची पालथी बाजू लावत जायचं. तळव्याला घट्टे पडलेले असतात, ऊब खरी कळते ती पालथ्या बाजूला. मामा अजूनही स्कूटर लावली की चाकाच्या हबला तसाच हात लावून बघतो. मग फिल्टरची जाळी काढून बॅटरीच्या उजेडात धरायची. तिच्यात व्हाइट मेटलचे, म्हणजे बेअरिंगच्या अस्तरातल्या मऊ धातूचे, चकचकीत कण दिसले, की पुढचा वॉच (पाळी) कुणाचाही असो, झोप गेली. ते बेअरिंग उतरवेपर्यंत कुणी वर जात नाही.