मूरवरची थंडी आणि लहान मुलाचं शरीर: आपल्याला उकडतंय म्हणजे त्यालाही उकडतंय असं नाही

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हनमध्ये डार्टमूर नावाचं मोठं पठार आहे. झाडं जवळपास नाहीतच, नुसतं गवत, हेदरची झुडपं, ग्रॅनाइटचे सुळके आणि पाय ठेवला की पचपचणारी जमीन. अशा उंचावरच्या उघड्या ओल्या माळांना तिकडे मूर म्हणतात. डार्टमूरच्या बऱ्याच भागात पाठीवर टेंट घेऊन जायचं आणि एक-दोन रात्री राहायचं, त्यासाठी जमीनमालकाची परवानगी लागत नाही, बाकीच्या इंग्लंडमध्ये असा हक्क जवळजवळ कुठेच नाही. त्यावरून मोठी कोर्टबाजी झाली आणि मे २०२५ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने हा हक्क कायम ठेवला. मला याचा मनापासून आनंद झाला, कारण चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आईने किंवा बाबाने अशा जागी रात्र काढणं ही फार सुंदर गोष्ट आहे. फक्त तिथली थंडी नीट समजून घेतली पाहिजे, आणि नेमकी तीच आपण स्वतःच्या अंगावरून मोजतो.

आधी मूर इतका गार का ते बघू. उंची हे एक कारण, दर १०० मीटरला हवा साधारण ०.६५ अंशाने गार होते, म्हणजे डार्टमूरचं सगळ्यात उंच टोक हाय विलहेज, ६२१ मीटर, तिथे समुद्रकाठापेक्षा साधारण चार अंश कमी. हे काही फार नाही. खरा त्रास वारा आणि ओल यांचा. कपडे स्वतः ऊब देत नाहीत, ते फक्त शरीराभोवतीची गरम झालेली हवा धरून ठेवतात. वारा ती हवा उडवून नेतो, आणि कपडे भिजले की हवेच्या जागी पाणी येतं, जे हवेच्या जवळपास २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून थर्मामीटरवर ५ अंश दिसत असले तरी पाऊस आणि वारा असेल तर मूरवरचे ते ५ अंश कोरड्या हवेतल्या, बर्फ पडलेल्या जागेच्या शून्यापेक्षा जास्त धोक्याचे ठरू शकतात.

हे विज्ञानाला नीट कळलं त्यामागे एक दुःखद घटना आहे. मार्च १९६४ मध्ये इंग्लंडच्याच पीक डिस्ट्रिक्टमधल्या मूरवर फोर इन्स नावाची लांब पल्ल्याची चालण्याची स्पर्धा होती, त्यात थंडी, पाऊस आणि जोराच्या वाऱ्यात सापडून तीन तरुण रोव्हर स्काउट (स्काउटांमधला मोठ्या वयाचा गट) गेले. धडधाकट मुलं होती. ग्रिफिथ प्यू हे शरीरशास्त्रज्ञ, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत होते तेच, त्यांनी या मृत्यूंचा अभ्यास केला आणि पुढे प्रयोगशाळेत भिजलेले कपडे आणि वारा यांचा एकत्र परिणाम मोजला. त्यातून कळलं ते असं की माणूस जोरात चालत असतो तोवर स्नायूंची उष्णता त्याला सांभाळून घेते, पण तो दमला, चाल मंदावली की उष्णता तयार होणं कमी होतं आणि भिजलेल्या कपड्यांतून निघून जाणारी उष्णता मात्र तशीच चालू राहते, मग शरीर झपाट्याने गार पडतं.

आता हेच मुलाला लावून बघा. आई किंवा बाबा मागे पंधरा-वीस किलोचं ओझं घेऊन चढतायत, घाम येतोय, जॅकेटची चेन उघडी. आणि मूल पाठीवरच्या कॅरियरमध्ये बसलंय, म्हणजे त्याचे स्नायू काहीच काम करत नाहीयेत, वर वारा थेट तोंडावर. दोघं एकाच हवेत आहेत, एकमेकांना चिकटून आहेत, आणि तरी एकाला उकडतंय आणि दुसरं गारठतंय. यात आईबाबांचा निष्काळजीपणा नसतो, त्यांचं शरीर त्यांना खरंच सांगत असतं की थंडी नाहीये. म्हणून कॅरियरमधल्या मुलाला चालणाऱ्या मोठ्यापेक्षा सरळ एक-दोन थर जास्त लागतात, आणि मधेमधे खाली उतरवून पळू द्यायला लागतं.

मुलं लवकर गारठतात कारण त्यांचं आकारमान लहान, हे आपण ऐकलेलं असतं. ते खरंय पण अर्धंच. १८ किलोच्या मुलाच्या त्वचेचं क्षेत्रफळ साधारण ०.७३ चौरस मीटर असतं, ७३ किलोच्या माणसाचं १.८७ च्या आसपास. किलोमागे हिशोब केला तर मुलाची त्वचा दीडपटीहून जास्त भरते आणि उष्णता तिथूनच जाते. पण दुसरी बाजू अशी की त्या वयाचं मूल स्वस्थ बसूनही किलोमागे मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट उष्णता तयार करतं! म्हणून पोट भरलेलं, कोरडं, पळणारं मूल थंडीत मजेत असतं, कधी कधी आपल्यापेक्षाही जास्त. अडचण साठ्याची आहे. त्वचेखालची चरबी पातळ, यकृतातली आणि स्नायूंतली साखर थोडी. लहान चूल धडधडून पेटते पण सरपण लवकर संपतं, तसं. दुपारभर खेळून दमलेलं मूल न जेवता झोपलं की पहाटे गारठतं त्याचं कारण हे.

म्हणून रात्रीचं खाणं. गरम चॉकलेट दिलं की मूल गरम होतं असं वाटतं, पण हिशोब करून बघा: पाव लिटर पेय ५० अंशांवरून शरीराच्या ३७ अंशांवर येताना जेमतेम सव्वातीन किलोकॅलरी उष्णता देतं. त्यात घातलेली एक चमचा साखर देते वीसच्या आसपास. म्हणजे कपातली ऊब मनाला बरी, पण काम करते ती साखर आणि दूध.

याच हिशोबाने ओल्या कपड्यांकडे बघितलं की अंगावर काटा येतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ०.५८ किलोकॅलरी लागतात. मुलाच्या पायजम्यात आणि मोज्यांत मिळून २०० ग्रॅम पाणी असेल आणि ते त्याच्या अंगावरच वाळलं, तर ११५ किलोकॅलरी खर्च होतात. झोपलेलं मूल तासाला पस्तीसच्या आसपास तयार करतं. तीन तासांची कमाई फक्त कपडे वाळवण्यात! (सगळी उष्णता अंगातूनच जाते असं नाही, काही हवेतूनही मिळते, पण अंदाज यावा म्हणून.) त्यामुळे टेंटमध्ये शिरल्यावर पहिलं काम चूल नाही, फोटो नाही, कोरडे कपडे. आणि झोपायच्या कपड्यांचा तो जोड दिवसभर वॉटरप्रूफ पिशवीतच राहिला पाहिजे, मूल कितीही हट्ट करो.

स्लीपिंग बॅगवर जे तापमान छापलेलं असतं त्याबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. युरोपात यासाठी ईएन १३५३७ हे मानक होतं, आता आयएसओ २३५३७ आहे. गरम केलेला पुतळा बॅगेत ठेवून मोजमाप करतात आणि त्यावरून ठरावीक वजन-उंचीच्या प्रौढ बाईला आणि पुरुषाला किती अंशांपर्यंत झोप लागेल ते काढतात. ईएन मानकात स्पष्टच म्हटलं होतं की हे लहान मुलांच्या बॅगांना लागू नाही, कारण मुलांसाठी तसं गणिती मॉडेलच नाही आणि मुलांना गार खोलीत झोपवून प्रयोग करणं नैतिकदृष्ट्या मान्य नाही. बरोबरच आहे ते. पण मग मुलांच्या बॅगेवर "५ अंश" लिहिलेलं दिसलं तर त्यावर रात्र टाकू नका, बरीच जास्त ऊब धरून चाला. मोठ्यांची बॅग दिली तर खालचा रिकामा भाग दुमडून पायाखाली घाला, नाहीतर मूल रात्रभर ती पोकळी गरम करत बसतं.

बॅगेपेक्षाही मॅट महत्त्वाची, हे मी ठामपणे म्हणेन. अंगाखाली बॅग दबते, तिच्यातली हवा जाते, आणि खाली पीट म्हणजे हजारो वर्षांत साठलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ-गवत, ज्यात वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असू शकतं. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती उष्णता किती अडवते त्याचा आकडा, लिहिलेली असते, ती दोन मॅट एकावर एक ठेवल्या की सरळ बेरीज होते, म्हणून मुलाच्या हवेच्या मॅटखाली एक साधी फोमची टाकली तर पंक्चर झालं तरी रात्र निभते.

जागा निवडताना ओढ्याकाठचा सपाट हिरवा तुकडा मोह घालतो. निरभ्र रात्री जमीन आकाशाकडे उष्णता फेकते, लगतची हवा गार आणि जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि नेमकी त्या खोलगट जागेत साचते. थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला लावा. टेंटचं कापडही असंच आकाशाकडे उष्णता देऊन बाहेरच्या हवेपेक्षा गार होतं, मग दोघांच्या श्वासाची वाफ आतून त्यावर जमते. मुलाला भिंतीपासून लांब झोपवायचं ते यासाठी.

टेंटच्या आत मात्र काहीही पेटवायचं नाही. स्टोव्ह नाही, विझल्यासारखा दिसणारा बार्बेक्यू तर अजिबात नाही, निखारे ज्वाळा गेल्यावरही कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून घट्ट चिकटतो, त्याला वास नाही, आणि मुलांचा श्वास आपल्यापेक्षा वेगाने चालतो.

मग मूल गारठलंय हे ओळखायचं कसं? हात-पाय गार असणं हे लक्षण नाही, शरीर मुद्दाम तिकडचं रक्त कमी करतं. मानेमागे किंवा छातीवर हात घालून बघा, तिथे ऊब हवी. आणि वागणं बघा. कुरकुर, चिडचिड, ठेचकाळणं, चेन लावता न येणं, मग गप्प होणं. कुरकुर करणाऱ्या मुलापेक्षा अचानक शहाण्यासारखं गप्प बसलेलं मूल जास्त काळजीचं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि ते आणखी उतरलं की थरथर थांबते, ते बघून बरं वाटतंय असं समजू नका.

अशा वेळी वाऱ्याच्या आड, कोरडे कपडे, खाली मॅट, तुमच्या अंगाला चिकटवून एकाच बॅगेत, शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तर गोड काहीतरी. हातपाय चोळू नका. गरम पाण्याची बाटली मोज्यात गुंडाळून, थेट त्वचेला नाही. झोपाळलेलं, असंबद्ध बोलणारं किंवा थरथर थांबलेलं मूल असेल तर वाट बघायची नाही: ब्रिटनमध्ये ९९९ ला फोन, आधी पोलीस मागायचे आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू म्हणजे डोंगरातलं बचाव पथक. मूरवर रेंज सगळीकडे नसते, त्यामुळे कुठे आहोत त्याचे नकाशावरचे ग्रिड आकडे संध्याकाळी टेंट लावतानाच कागदावर लिहून ठेवा आणि घरी कुणालातरी कळवून ठेवा.